आडनाव आणि आजोळ



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांनी मला शाळेत तीन वर्षं इतिहास शिकवला. भोसले घराण्याची वंशावळ फळ्यावर काढताना त्या मालोजीराजांच्या शेजारी उमाबाईंचं नाव लिहीत, शहाजीराजांच्या शेजारी जिजाबाईंचं. मग खडू उचलून जिजाबाईंच्या नावापासून वर एक वेगळी रेघ नेत आणि तिच्या टोकाशी सिंदखेडचे लखुजी जाधव आणि म्हाळसाबाई अशी दोन नावं मांडत. वहीत उतरवून घेताना आम्ही ती रेघ गाळायचो, कारण परीक्षेत ती विचारली जात नसे. बाई वह्या तपासायला घेत आणि समासात तांबड्या शाईने लिहीत, ‘सिंदखेडची रेघ कुठे आहे?’

आज मी तुमच्यापुढे इंग्लंडमधल्या एका घराण्याची वंशावळ मांडणार आहे आणि ती सिंदखेडच्या रेघेने वाचणार आहे. हे घराणं अ‍ॅस्क्विथ आणि बॉनम कार्टर यांचं. यातली हेलेना बॉनम कार्टर तुमच्यापैकी पुष्कळांनी पडद्यावर पाहिली असेल. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतली बेलाट्रिक्स, ‘द किंग्ज स्पीच’मधली राणी, ‘द क्राउन’ मालिकेतली राजकन्या मार्गारेट. तिच्याविषयी लिहिताना वर्तमानपत्रं एक वाक्य हमखास छापतात : ब्रिटनचे माजी पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांची ही पणती. वाक्य खरं आहे. पण माणसाला चार पणजोबा असतात आणि चार पणज्या, आणि अ‍ॅस्क्विथ हे हेलेनाच्या वडिलांच्या आईचे वडील. मधला दुवा एका मुलीचा आहे. त्या मुलीला वगळून पणजोबांपर्यंत पोहोचताच येत नाही.

इंग्रजीत ‘कझिन’ या एका शब्दात चुलत, मामे, मावस, आते सगळे कोंबलेले असतात. त्यामुळे इंग्रजी चरित्रं वाचताना कोण कुणाच्या आईकडून आणि कोण वडिलांकडून हे कळायला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. मी तसा बसलो आणि प्रत्येक नात्याला आपलं मराठी नाव देत गेलो. नावं देताच जे चित्र समोर आलं, ते आडनावांच्या वंशावळीपेक्षा फार वेगळं होतं.

हर्बर्ट हेन्री अ‍ॅस्क्विथ १८५२ साली यॉर्कशरमधल्या मॉर्ली या गावी जन्मले. घर लोकरीच्या व्यापारातलं, धर्माने चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथाचं. हर्बर्ट आठ वर्षांचे असताना वडील वारले. त्यापुढचा सगळा मार्ग आजोळातून जातो. आईचे वडील विल्यम विलन्स, हडर्सफील्डचे लोकरीचे व्यापारी, यांनी लेकीचा संसार आणि नातवंडांच्या शाळेचा खर्च उचलला. ते गेल्यावर मुलं लंडनला मामाकडे आली. सिटी ऑफ लंडन स्कूल, तिथून शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डचं बेलिअल कॉलेज, मग वकिली, १८८६ साली खासदारकी, १८९२ मध्ये गृहमंत्रिपद आणि १९०८ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानपद. सत्तर वर्षांवरच्या वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन देण्याची तरतूद त्यांच्याच १९०८ च्या अंदाजपत्रकातली. लॉर्डांच्या सभागृहाचा नकाराधिकार मोडणारा १९११ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. अ‍ॅस्क्विथ या आडनावाच्या कीर्तीचा पाया विलन्स आडनावाच्या आजोबांनी भरलेल्या फीमध्ये आहे. चरित्रकार ते एका परिच्छेदात उरकतात.

अ‍ॅस्क्विथ यांची पहिली पत्नी हेलन मेलंड, मँचेस्टरच्या एका डॉक्टरांची मुलगी. १८९१ साली स्कॉटलंडच्या अ‍ॅरन बेटावर कुटुंब सुट्टीला गेलं असताना हेलन विषमज्वराने गेल्या. मागे पाच मुलं राहिली : रेमंड, हर्बर्ट, आर्थर, व्हायोलेट आणि सिरिल. व्हायोलेट तेव्हा चार वर्षांच्या. तीन वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न केलं ते मार्गो टेनंट यांच्याशी. ग्लासगोच्या रसायन उद्योगातल्या गडगंज घराण्याची ही मुलगी, बोलायला धारदार. तिच्यापासून झालेल्या मुलांपैकी दोन जगली, एलिझाबेथ आणि अँथनी.

आता या घरातल्या मुलांचं शिक्षण पाहा. भाऊ ऑक्सफर्डला गेले. रेमंडच्या बुद्धीविषयी त्याच्या पिढीत दंतकथा होत्या. व्हायोलेट घरीच गव्हर्नेसकडे शिकल्या. वडिलांशी राजकारण बोलावं, सभांना जावं, वाद घालावा, एवढंच त्यांच्या वाट्याचं विद्यापीठ. १९०६ साली एका मेजवानीत त्यांची गाठ तरुण विन्स्टन चर्चिल यांच्याशी पडली आणि ती मैत्री चर्चिल यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. १९१५ च्या नोव्हेंबरात त्यांनी वडिलांचे खाजगी सचिव मॉरिस बॉनम कार्टर यांच्याशी लग्न केलं. दहा महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, सोमच्या रणांगणावर रेमंड गोळी लागून गेला. डिसेंबरात वडिलांचं पंतप्रधानपद गेलं. १९१८ च्या निवडणुकीत तर ते बत्तीस वर्षांच्या आपल्या मतदारसंघातच पडले.

राजकारणाचा वारसा मुलग्याकडे जातो, असं गृहीत धरणाऱ्यांनी इथे थांबून पाहावं. अ‍ॅस्क्विथ यांच्या पाच मुलग्यांपैकी कुणीही वडिलांचा पक्ष पुढे नेला नाही. एक युद्धात पडला, दुसरा कवी-लेखक झाला, सिरिल न्यायाधीश झाले. सभांमध्ये उभी राहिली ती लेक. १९२० च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधल्या पेझली इथे पोटनिवडणूक लागली तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या वडिलांसाठी व्हायोलेट यांनी अक्षरशः मतदारसंघ पिंजून काढला. वडील निवडून आले. पुढे व्हायोलेट स्वतः लिबरल पक्षाच्या अध्यक्ष झाल्या. हिटलरशी नमतं घेण्याच्या धोरणाविरुद्ध त्या बोलल्या, बीबीसीच्या नियामक मंडळावर बसल्या, युद्धात लंडनमध्ये हवाई हल्ल्याच्या वॉर्डनचं काम केलं. १९४५ साली वेल्समधून आणि १९५१ साली कोल्न व्हॅलीतून लोकसभेला उभ्या राहिल्या. (ब्रिटिश सभागृहाला मी लोकसभा म्हणतो आहे, चालवून घ्या. आणि हे वेल्स म्हणजे सॉमरसेटमधलं गाव, प्रांत नव्हे.) दुसऱ्या खेपेस चर्चिल प्रतिपक्षाचे पुढारी असूनही त्यांच्या प्रचाराला आले. दोन्ही वेळा त्या हरल्या. अखेर १९६४ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, लॉर्डांच्या सभागृहात यार्नबरीच्या बॅरोनेस अ‍ॅस्क्विथ म्हणून आल्या. किताबात त्यांनी माहेरचं आडनाव घेतलं. माझ्या मते त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या ब्रिटिश राजकारण्यांना त्यांच्याइतकी वक्तृत्वाची देणगी होती. त्यांना एकदाही लोकसभेत बसता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता बॉनम कार्टर बाजूकडे वळू, म्हणजे व्हायोलेट यांच्या सासरकडे. हेलेनाच्या दृष्टीने हे तिचं आडनावाचं घर. यजमान मॉरिस हे ऑक्सफर्ड आणि केंटकडून क्रिकेट खेळलेले गृहस्थ. त्यांचे वडील हेन्री, हेलेनाचे दुसरे पणजोबा. हेन्रींचे वडील जॉन, पोर्ट्समथचे खासदार. मूळचे नुसते कार्टर. बॉनम नावाच्या नातेवाइकाची इस्टेट वारशाने आली तेव्हा त्याचं नावही जोडून घेतलं. आडनावाची कथा इथे संपते आणि ती फारशी रंजक नाही. रंजक आहे ती जॉन यांच्या पत्नीची, जोआना यांची रेघ. ही या घराण्यातली सिंदखेडची रेघ.

जोआना विल्यम स्मिथ यांची मुलगी. स्मिथ मूळचे लंडनच्या घाऊक किराणा व्यापारातले. १७८४ ते १८३० या काळात, मधले थोडे खंड सोडले तर, ते लोकसभेत होते. विल्बरफोर्स यांच्यासोबत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी दोन तपं काम केलं. १८०७ साली तो व्यापार बंद झाला. १८३३ साली ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरीच रद्द करणारा कायदा झाला, तो पाहून १८३५ मध्ये स्मिथ वारले. ते स्वतः एकेश्वरवादी युनिटेरियन पंथाचे. ईश्वराच्या त्रैक्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांना कायद्याने दंड होता तो १८१३ साली काढून टाकला गेला, त्यामागेही तेच होते. राजा राममोहन रॉय यांची ज्यांच्याशी जवळीक झाली तोच हा पंथ.

स्मिथ यांना मोठं कुटुंब होतं. त्यातली तीन भावंडं ध्यानात ठेवा. जोआना बॉनम कार्टर घरात गेल्या. फ्रान्सिस नाइटिंगेल घरात गेल्या, आणि त्यांच्या धाकट्या मुलीचं नाव फ्लॉरेन्स. भाऊ बेंजामिन स्मिथ यांनी अ‍ॅन लाँग्डन नावाच्या स्त्रीशी लग्न न करताच संसार केला, आणि त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव बार्बरा. म्हणजे हेलेनाचे पणजोबा हेन्री बॉनम कार्टर यांच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या मावसबहीण, आणि बार्बरा या मामेबहीण. इंग्रजीत दोघी कझिन. आपल्याकडे मावशीची लेक आणि मामाची लेक, आणि दोन्ही नात्यांचा पाया आईच.

मावसबहिणीचं काम हेन्रींनी आयुष्यभर केलं. क्रिमियाच्या युद्धानंतर लोकांनी फ्लॉरेन्स यांच्या नावाने जो निधी उभारला, ज्यातून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली परिचारिकांची शाळा निघाली, त्या निधीचे हेन्री अनेक दशकं सचिव होते. फ्लॉरेन्स यांची भारताशी असलेली ओढही आपण विसरू नये. त्या इथे कधी आल्या नाहीत, पण लष्करी छावण्यांतली मृत्युसंख्या, गावांची स्वच्छता, पाटबंधारे, शेतकऱ्याचं कर्ज यांवर त्यांनी जवळजवळ चार दशकं लिहिलं. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. बेहरामजी मलबारींच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी जमवलेल्या निधीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता.

मामेबहीण बार्बरा, पुढच्या बार्बरा बोडिशॉन, यांचं नाव आपल्याकडे कमी ठाऊक आहे. आईवडिलांचं लग्न झालेलं नसल्याने नाइटिंगेल कुटुंबाने या मुलांशी संबंध ठेवला नाही. पण बेंजामिन स्मिथ यांनी एक गोष्ट त्या काळी विलक्षण केली. मुलगी सज्ञान झाली की मुलग्याइतकंच, वर्षाला ३०० पौंडांचं स्वतंत्र उत्पन्न तिच्या नावे करून दिलं. बार्बरा यांनी त्या स्वातंत्र्याचं काय केलं ते पाहा. १८५४ साली इंग्लंडच्या कायद्यात बायकांचं स्थान काय आहे, हे सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत सांगणारी पुस्तिका त्यांनी काढली. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठी सह्या गोळा केल्या. १८६६ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारा अर्ज तयार करून सुमारे दीड हजार सह्यांनिशी जॉन स्टुअर्ट मिल यांच्या हातून लोकसभेत सादर केला. एमिली डेव्हिस यांच्यासोबत केंब्रिजचं गर्टन कॉलेज काढण्यात त्या होत्या.

म्हणजे हेलेनाच्या एका पणजोबांची मामेबहीण स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या मुळाशी आहे. आणि दुसरे पणजोबा?

अ‍ॅस्क्विथ यांनी मताधिकाराला कसून विरोध केला. १९०९ साली तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात नळ्या घालून अन्न कोंबायला सुरुवात झाली ती त्यांच्या सरकारच्या काळात. १८ नोव्हेंबर १९१० या दिवशी संसदेसमोर बायकांना पोलिसांनी ज्या रीतीने मारहाण केली, तो दिवस ब्रिटनमध्ये काळा शुक्रवार म्हणून ओळखला जातो. उपोषणाने खंगलेल्या कैदी स्त्रीला सोडायचं आणि जरा सावरली की पुन्हा पकडायचं, असा १९१३ चा कायदा त्यांचाच. लोकांनी त्याला उंदीर-मांजराचा कायदा म्हटलं. त्यांची उदार धोरणं मी आधी सांगितली, ती खरी आहेत. हे अन्यायही तितकेच खरे आहेत, आणि इतिहासकारांनी त्यांना किरकोळ मानू नये. महायुद्धात कारखाने बायकांनी चालवलेले पाहिल्यावर त्यांनी मत बदललं आणि १९१८ च्या कायद्याला पाठिंबा दिला. पण तोही तीस वर्षांवरच्या आणि अटींत बसणाऱ्या बायकांपुरताच. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडलं. अ‍ॅस्क्विथ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले.

व्हायोलेटही त्या काळात वडिलांच्याच बाजूच्या. १९१३ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या लॉसिमथ इथे गोल्फच्या मैदानावर दोन चळवळकर्त्या स्त्रिया पंतप्रधानांवर धावून आल्या, तेव्हा त्यांच्याशी झटापट करून त्यांना आवरणारी व्यक्ती व्हायोलेट होत्या. ज्या मताधिकाराच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या नाहीत, त्याच्याच जोरावर पुढे पेझलीत वडिलांसाठी बायकांची मतं मागितली आणि स्वतः दोनदा उमेदवारी केली. याबद्दल त्यांना दोष देणं सोपं आहे. मला मात्र पोलिसांच्या पहाऱ्यात असलेल्या बापाची पंचविशीतली लेक दिसते. तिने मैदानावर जे केलं ते लेक म्हणून केलं.

२०१५ साली ‘सफ्रजेट’ नावाचा चित्रपट आला. १९१२-१३ च्या लंडनमधल्या कामगार बायकांची ती गोष्ट. त्यात औषधाचं दुकान चालवणाऱ्या, लढाऊ बायकांना आश्रय देणाऱ्या ईडिथ एलिन या स्त्रीची भूमिका हेलेनाने केली. ब्रिटिश संसदेच्या इमारतीत चित्रीकरणाची परवानगी मिळालेला हा पहिला व्यावसायिक कथापट. ज्या वास्तूत पणजोबांनी मताधिकाराची विधेयकं अडवली, त्याच वास्तूत पणतीच्या चित्रपटाचा कॅमेरा लागला.

सिनेमा या घरात हेलेनापासून आला नाही. व्हायोलेट यांचे सावत्र भाऊ अँथनी, म्हणजे हेलेनाच्या वडिलांचे मामा, हे ब्रिटिश चित्रपटसृष्टीतले नामवंत दिग्दर्शक. १९३८ साली लेस्ली हॉवर्ड यांच्यासह त्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर चित्रपट केला, हे तेच नाटक ज्यावरून पुलंनी आपल्याला ‘ती फुलराणी’ दिली. पंतप्रधानांचा हा मुलगा १९३७ पासून मरेपर्यंत चित्रपट-तंत्रज्ञांच्या कामगार संघटनेचा अध्यक्ष होता. १९५२ साली त्यांनी ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’वर चित्रपट काढला. त्यामागे घरातलीच एक जखम आहे. वाइल्ड या कुटुंबाचा परिचित होता. मार्गो टेनंट यांना त्याने आपली एक कथा अर्पण केली होती. ५ एप्रिल १८९५ रोजी वाइल्डला अटक झाली तेव्हा गृहमंत्री अ‍ॅस्क्विथ होते. सत्तावन्न वर्षांनी मार्गो आणि अ‍ॅस्क्विथ यांच्या मुलाने त्याचं नाटक पडद्यावर आणलं, शब्दाला शब्द जपून, जवळजवळ रंगमंचावर ठेवल्यासारखं. काही समीक्षकांना ते नाटकी वाटतं. मला वाटतं, त्या लेखकाशी इतक्या आदराने वागणं अँथनी यांनी जाणूनबुजून पत्करलं असावं.

त्या चित्रपटातले नायक मायकल रेडग्रेव्ह. ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका अभिनय-राजकारणाच्या घराण्याचे ते कर्ते पुरुष. त्यांची मुलं व्हेनेसा आणि कोरिन डाव्या राजकारणात किती खोल उतरली ते सर्वश्रुत आहे. चाळीस वर्षांनी, १९९२ च्या ‘हॉवर्ड्स एंड’मध्ये व्हेनेसा रेडग्रेव्ह आणि हेलेना बॉनम कार्टर एकत्र दिसल्या.

या चित्रपटाशी जरा थांबायला हवं. त्याचे निर्माते इस्माईल मर्चंट आपल्या मुंबईचे, सेंट झेवियर्सचे विद्यार्थी. एकोणीस-वीस वर्षांच्या हेलेनाला ‘अ रूम विथ अ व्ह्यू’मधून जगापुढे आणलं ते मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांनीच. दोन्ही चित्रपटांच्या मूळ कादंबऱ्या ई. एम. फॉर्स्टर यांच्या, जे १९२१ मध्ये देवासच्या मराठी संस्थानात तुकोजीराव पवारांचे खाजगी सचिव होते. फॉर्स्टर यांच्या आजीचे वडील हेन्री थॉर्नटन, लंडनच्या क्लॅपममधले. विल्बरफोर्स, थॉर्नटन आणि आपले विल्यम स्मिथ हे तिथले एकमेकांचे स्नेही, गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यातले सोबती. थॉर्नटन यांची मुलगी मॅरिअन, फॉर्स्टर यांच्या आजीची बहीण, अविवाहित राहिली आणि मरताना तिने लहानग्या फॉर्स्टरच्या नावे ८,००० पौंड ठेवले. त्या पैशावर ते केंब्रिजला शिकले आणि लिहू शकले. उतारवयात त्यांनी या मॅरिअन आजीचं चरित्रच लिहिलं. म्हणून ‘हॉवर्ड्स एंड’ पाहताना मला नेहमी वाटतं, की क्लॅपमच्या दोन शेजाऱ्यांचे वंशज, एक लेखक म्हणून आणि एक नटी म्हणून, पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी पुन्हा एका घरात आले. आणि दोघंही आले ते लेकींच्या वाटेने.

अभिनय रक्तातच होता, असं हेलेनाविषयी लिहिलं जातं. मला ते पटत नाही. तिचे वडील रेमंड बँकेत होते. ती तेरा वर्षांची असताना मेंदूजवळच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना पक्षाघात झाला आणि पुढची चोवीस वर्षं ते चाकांच्या खुर्चीत राहिले. त्याच सुमारास लेखनस्पर्धेत जिंकलेले पैसे भरून हेलेनाने नटांच्या सूचीत आपलं नाव घातलं. नाट्यशाळेत ती कधी गेली नाही. एका मुलीने घरातल्या अंधारातून स्वतःसाठी शोधलेली ती खिडकी होती, आणि तिचं श्रेय रक्ताला देऊन आपण तिच्यावर अन्याय करतो. मात्र आडनाव, ओळखी, सुस्थिती यांनी तिची वाट सोपी केली, हेही नाकारता येणार नाही.

तिची आई एलेना मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे पुन्हा आजोळ. एलेना यांचे वडील एदुआर्दो प्रॉपर दे काइयेहोन हे स्पेनचे मुत्सद्दी. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या तेव्हा बोर्दो शहरात बसून त्यांनी वरिष्ठांची पर्वा न करता पळणाऱ्या ज्यूंना आणि इतर निर्वासितांना स्पेनमार्गे जाण्याचे व्हिसा शिक्के मारून दिले. शिक्षा म्हणून त्यांची बदली मोरोक्कोत झाली. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. २०१९ साली हेलेनाने आजी व्हायोलेट आणि हे आजोबा, दोघांच्या युद्धकाळाचा शोध घेणारा दूरचित्रवाणी कार्यक्रम केला. पणजोबांचं पंतप्रधानपद सोडून तिने ही दोन माणसं निवडली, हे मला फार आवडलं.

व्हायोलेट यांच्या इतर मुलांपैकी दोघं राजकारणाशी जोडलेली. मुलगी लॉरा यांचे यजमान जो ग्रिमंड १९५६ ते १९६७ लिबरल पक्षाचे नेते होते. मुलगा मार्क, हेलेनाचे थोरले काका, युद्धात ट्युनिशियात पकडले गेले, इटलीतल्या छावणीतून निसटून शेकडो मैल चालत स्वतःच्या सैन्यात परतले. १९५८ साली टॉरिंग्टनची पोटनिवडणूक त्यांनी २१९ मतांनी जिंकली. पुढच्याच वर्षी हरले. पण त्यांचं मोठं काम त्यानंतरचं. ब्रिटनचा वर्णद्वेषविरोधी पहिला कायदा १९६५ चा. त्याखाली स्थापन झालेल्या मंडळाचे पहिले अध्यक्ष मार्क बॉनम कार्टर. पहिल्या कायद्यात घर आणि नोकरी यांतला भेदभाव आलाच नव्हता. तो हवा म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि १९६८ च्या कायद्यात तो आला. साठच्या दशकात लंडन-लेस्टरला गेलेल्या आपल्या माणसांना भाड्याच्या खोलीसाठी दारं लावून घेतली जात. ज्यांच्या घरातलं कुणी त्या काळात गेलं असेल, त्यांना या कायद्याचा अर्थ सांगायला नको. मार्क यांची मुलगी जेन २००४ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात आली आणि किताबासाठी तिने आजीचं यार्नबरी घेतलं.

आपल्या देशाशी या घराण्याचा हिशोब सरळ नाही. लोकमान्यांना १९०८ च्या जुलैत सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडलं गेलं तेव्हा पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले एडविन माँटेग्यू पुढे भारतमंत्री झाले. व्हायोलेट यांची जिवलग मैत्रीण व्हेनेशिया स्टॅनली, जिला अ‍ॅस्क्विथ युद्धाच्या बैठकांतूनही पत्रं लिहीत, तिने १९१५ साली याच माँटेग्यूंशी लग्न केलं. माँटेग्यूंच्या १९१९ च्या सुधारणांनी बायकांना मत द्यायचं की नाही हा निर्णय प्रांतांवर सोडला आणि १९२१ मध्ये आपल्या मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने तो हक्क दिला. मालमत्तेची अट होती. पण ती बाई आणि पुरुष दोघांना सारखी. खुद्द इंग्लंडमध्ये ही बरोबरी यायला आणखी सात वर्षं लागली.

आणि पेझली. त्या निवडणुकीने लोकसभेत परतलेले अ‍ॅस्क्विथ ८ जुलै १९२० रोजी जनरल डायरवरच्या चर्चेत उभे राहिले आणि जालियनवाला बागेच्या हत्याकांडाचा त्यांनी कठोर शब्दांत निषेध केला. लेक पेझलीच्या सभा गाजवत हिंडली नसती तर हा आवाज त्या दिवशी सभागृहात असता की नाही, कुणास ठाऊक. १३ एप्रिल २०१९ रोजी, हत्याकांडाला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, ब्रिटनचे भारतातले उच्चायुक्त बागेत पुष्पचक्र वाहायला गेले. त्यांचं नाव डॉमिनिक अ‍ॅस्क्विथ. सोमवर पडलेल्या रेमंडचे ते नातू, पंतप्रधानांचे पणतू. ब्रिटिश सरकारने माफी मात्र अजून मागितलेली नाही.

शेवटी घरचं बोलतो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत माझ्या आजोबांच्या काळात छापला गेला. त्यात माझ्या आत्याच्या नावापुढे सासरचं आडनाव, गाव आणि लग्नाचं साल आहे. पुढे काही नाही. तिची मुलं, तिच्या नाती, त्यातली एक आज शल्यविशारद आहे, कुणाचाही उल्लेख नाही. आजीच्या माहेरचं तर नुसतं गाव आहे, नाव नाही. नव्या आवृत्तीचं काम आता माझ्याकडे आलं आहे आणि मुलींच्या पुढच्या तीन पिढ्यांची नावं मी जमवतो आहे. तुमच्या घरीही असा ग्रंथ कपाटात असेल. तो काढा, ज्या बाया अजून सांगू शकतात त्यांच्यापाशी बसा आणि समासात शाईने लिहून ठेवा. माझी आत्या पंच्याऐंशी वर्षांची आहे. मी येत्या रविवारी तिच्याकडे वही घेऊन जाणार आहे.